हेडवरचं चाक

आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोन आला तेव्हा मी चाकणला कंपनीत होतो, ऑडिटचा दिवस, त्यामुळे उचलला नाही, तर त्यांनी लागोपाठ तीनदा केला. आबा असं कधी करत नाहीत. छातीत धस्स झालं. बाहेर येऊन लावला तर म्हणाले, "इंजानाचं चाक मोडलं." मला वाटलं फ्लायव्हील, इंजिनाच्या बाजूचं मोठं जड चाक, आणि फ्लायव्हील गेलं म्हणजे आधी माणसं कशी आहेत तेच विचारायचं असतं. तर म्हणाले, "मोठं न्हाई रे. हेडवरचं बारकं. तात्या फिरवायचे ते."

हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण. त्यावरच्या त्या बारक्या चाकापायी पुढचे अकरा महिने गेले, म्हणून हे लिहायला बसलोय.

आमचं गाव कराडच्या पुढं, कृष्णेपासून जरा आत. विहिरीवर लिस्टरचं इंजिन आहे. आता पोरांना लिस्टर म्हणजे काय ते सांगायला लागतं म्हणून सांगतो. इंग्लंडात ग्लॉस्टरशायर परगण्यात डर्सली म्हणून एक छोटं गाव आहे, तिथं १८६७ साली रॉबर्ट ॲश्टन लिस्टर या माणसाने कारखाना काढला, आणि १९२९ च्या सुमाराला तिथून ही सीएस इंजिनं निघायला लागली. सीएस म्हणजे कोल्ड स्टार्ट. त्याच्या आधीच्या बऱ्याच इंजिनांचं डोकं ब्लोलॅम्पने तापवायला लागायचं, मग ती चालू व्हायची. ह्याला तसलं काही नको, थंडगार इंजिन हँडल मारून चालू. एक सिलिंडर, बोअर म्हणजे सिलिंडरच्या आतली रुंदी साडेचार इंच, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची ये-जा साडेपाच, ताकद सहा हॉर्सपॉवर, दोन बाजूंना दोन फ्लायव्हील आणि स्पीड फक्त ६५० आरपीएम, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे. आजकालच्या इंजिनांपुढं हा स्पीड म्हणजे काहीच नाही, पण म्हणूनच ती झिजत नाहीत. फोर स्ट्रोक असल्यामुळे दोन फेऱ्यांत एकदाच पेटतं, म्हणून मिनिटाला ३२५ बार, सेकंदाला पाचाच्या जरा वर, आणि रानात रात्री तो आवाज दोन मैलांवरून ऐकू यायचा. कुणाचं इंजिन चालू आहे ते आवाजावरून कळायचं. कुणाचं थांबलं तेही कळायचं, आणि मग बॅटरी घेऊन कोणीतरी निघायचं बघायला.

आमच्या भागाला इंजिनांचं नवल नव्हतं तसं. साताऱ्याकडं कूपरचा कारखाना, इकडं किर्लोस्करवाडी १९१० पासूनची, पुढं १९४६ ला पुण्यात किर्लोस्करांनी ऑइल इंजिनं काढली आणि ती गावोगाव झाली. पण तात्यांना म्हणजे माझ्या आजोबांना लिस्टरच मिळालं, कारण एक गिरणीवाला त्याचं वापरलेलं विकत होता. १९६४ साल. त्याआधी विहिरीवर मोट होती. मोटेचे बैल विकून इंजिन आणलं. आबा तेव्हा बारा वर्षांचे होते, ते सांगतात की बैल गेले त्या दिवशी घरात कोणी जेवलं नाही आणि तिसऱ्या दिवशी इंजिन बैलगाडीतून आलं, शेजारच्याच्या बैलांच्या. मोटेची धाव, बैल चालायचे ती उतरती वाट, अजून आहे विहिरीपाशी, गवतात गेलीय. थारोळ्याचे, म्हणजे मोटेचं पाणी पडायचं त्या जागेचे, दगड उचलून त्याच दगडांवर इंजिनाचं फाउंडेशन केलंय.

आता चाक.

तात्या इंजिन चालू करायचे ते मी लहानपणी शेकडो वेळा बघितलंय, आणि खरं सांगायचं तर देवपूजेत जो नेम असतो तोच होता. आधी डिझेलचा कॉक. मग डिझेलच्या पंपाला हाताने चार-पाच झटके, आणि हेडपाशी कान लावायचा. नोझलमधून कर्र असा आवाज आला की डिझेल पोचलं. मग तेलाच्या चोचीच्या भांड्याने रॉकरवर दोन थेंब. मग हेडच्या बाजूला आलेलं ते चाक, साधारण पाण्याच्या व्हॉल्व्हवर असतं तेवढंच, ते आत, आत, आत, पूर्ण बसेपर्यंत. मग एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा लिव्हर उचलून धरायचा म्हणजे कॉम्प्रेशन, आतल्या हवेचा दाब, लागत नाही, हँडल घालून फ्लायव्हीलला गती द्यायची, एक, दोन, तीन, चार, आणि दम लागायच्या आत कोणीतरी लिव्हर पाडायचा. लिव्हर पाडायचं काम माझं. पाडला की इंजिन एकदा ठसकायचं, सायलेन्सरमधून काळा गोळा निघायचा, आणि मग ते चालू लागायचं.

आणि मग पंपानं पाणी धरलं, लोड आला, की तात्या परत हेडपाशी जायचे आणि ते चाक उलटं फिरवून बाहेर काढायचे. आवाज बदलायचा. ठोक ठोक असतो तो भरीव व्हायचा. तात्या म्हणायचे, "आता सुटलं."

ते चाक काय करतं हे मला इंजिनियरिंगला गेल्यावर कळलं. हेडमध्ये मुख्य जागेच्या बाजूला एक छोटी कोठडी आहे. चाक आत नेलं की त्याचा व्हॉल्व्ह ती वाट बंद करतो, हवेला जागा कमी पडते, त्यामुळे ती जास्त दाबली जाते आणि जास्त तापते, आणि गार इंजिनात सुद्धा डिझेल पहिल्या दणक्याला पेटतं. गरम झाल्यावर, पूर्ण लोडवर, तेवढ्या दाबाची गरज नसते, उलट इंजिन ठोकायला लागतं, म्हणून चाक बाहेर. म्हणजे एकाच इंजिनात दोन कॉम्प्रेशन, आणि कधी कुठलं घ्यायचं ते माणसाने कानाने ठरवायचं. मला हे कळलं त्या दिवशी मी हॉस्टेलवरून घरी फोन केला होता, पण तात्या तोवर नव्हते.

थ्री फेज आल्यावर इंजिन बाजूला पडलं, सगळ्यांचंच पडलं. कोयना आमच्यापासून लांब नाही, १९६२ पासून तिथं वीज तयार होतेय, पण शिवारात खांब यायला आणि त्यावर मोटर चालण्याइतकी वीज यायला पुष्कळ वर्षं गेली. आली तशी लोकांनी इंजिनं भंगारात घातली, किलोवर. आबांनी घातलं नाही. शेतीची लाईट म्हणजे तेव्हा एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री, तीही आठ तास, आणि उन्हाळ्यात डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर जळाला की पंधरा-पंधरा दिवस काहीच नाही. उसाला पाणी थांबवून चालत नाही. त्या दिवसांसाठी इंजिन होतं.

तर त्या एप्रिलमध्ये डीपी जळाला, आबांनी इंजिनावरचं गोणपाट काढलं, आणि चाक फिरेना. गंजून आणि कार्बन धरून स्पिंडल, म्हणजे चाकाचा दांडा, बसला होता. जवळच्या एका मेकॅनिकला बोलावलं, त्याने पाईप पाना लावला आणि वर पाईप घालून ताकद लावली. स्पिंडल आत मोडला. चाक हातात आलं. मग त्याने हेड काढून बाजूला ठेवलं आणि हे आता मिळत नाही, दुसरं इंजिन बघा म्हणून गेला. त्या माणसाचा मला राग नाही असं म्हणणार नाही, राग आहे. गंजलेल्या आट्याला आधी ऊब द्यायची असते, वेळ द्यायचा असतो.

मी शनिवारी गेलो, हेड घासून साफ केलं आणि मला दोन व्हॉल्व्हच्या मधे एक केसासारखी रेघ दिसली. रेघ आहे का ओरखडा ते नुसत्या डोळ्याने कळत नाही. जुनी युक्ती आहे, तिथं रॉकेल लावायचं, चांगलं मुरू द्यायचं, मग कोरडं पुसून वरून खडूची पूड टाकायची. मी डिझेलच लावलं, आणि पोराच्या पाटीवरचा खडू किसला. आबा आणि मी दोघं ओट्यावर बसून त्या पांढऱ्या पुडीकडं बघत होतो. दहा मिनिटांनी पुडीत एक ओली काळी रेघ उमटली, इनलेट सीटपासून एक्झॉस्ट सीटपर्यंत (सीट म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो ती जागा). तडा. विहिरीचं पाणी जड आहे, क्षार धरतं, पाण्याचे मार्ग आतून चोंदले असणार आणि हेड तापून तापून फाटलं असणार. म्हणजे नुसता स्पिंडल नव्हे, हेडच पाहिजे होतं.

मी ज्या कंपनीत आहे तिथं पार्टचं सगळं असतं. प्रत्येक पार्टला नंबर, नंबरला ड्रॉइंग, ड्रॉइंगला रिव्हिजन, आणि मॉडेल बंद झालं तरी पुढची बरीच वर्षं स्पेअर द्यायचे असा करार असतो. मी क्वालिटीला आहे, माझा दिवसच त्यात जातो. त्यामुळे मी शोध सुद्धा तसाच सुरू केला, नंबरापासून. इंजिनाची पितळी पट्टी घासून घासून आकडे वाचले, अर्धे गेलेले होते. फोन करायला लागलो. जो तो एकच विचारायचा, मॉडेल सांगा, पार्ट नंबर सांगा. नंबर नाही म्हटलं की फोन संपायचा.

पुण्यात नाना पेठेत फिरलो, तिथं जास्त करून दुचाकीचं सामान, पण एका वयस्कर दुकानदारांनी निदान बसवून चहा दिला आणि म्हणाले जुन्या बाजारात बघा. मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, मी सहा-सात रविवार गेलो. तिथं मला लिस्टरचं हेड मिळालं नाही, पण व्हिटवर्थ पान्यांचा एक संच मिळाला, कुणाच्या तरी वडिलांचा असणार, गोणपाटाच्या पट्टीत कप्पे शिवून ठेवलेला, कप्प्यांची शिवण हाताची. हे पाने न कळणारा माणूस गोंधळून जातो. पान्यावर १/२ लिहिलंय आणि तोंड मोजलं तर २३ मिलिमीटरच्या वर भरतं, कारण तो आकडा नटाचा नाही, नट ज्या बोल्टवर बसतो त्या बोल्टच्या जाडीचा आहे. इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्यांचं हे माप ठरवून दिलं, आट्याचा कोन ५५ अंश. मेट्रिक आट्याचा ६० अंश. आपल्याकडं १९५६ चा वजन-मापांचा कायदा झाला आणि नंतर हळूहळू सगळं मेट्रिक झालं, पण आमचं इंजिन त्याच्या आधीचं, त्याला दुकानातला आजचा बोल्ट दोन आटे गोड बोलून जातो आणि तिसऱ्याला अडतो. जोर लावला की आटे गेले.

पिंपरी-चिंचवडकडं कुदळवाडीची भंगाराची गोदामं तेव्हा अजून होती, २०२५ च्या फेब्रुवारीत ती पाडली. तिथं मी एक आख्खा दिवस घालवला. बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, ढिगाऱ्यात मला लिस्टरची दोन फ्लायव्हील दिसली, नुसती फ्लायव्हील, बाकी इंजिन कधीच वितळून गेलेलं. मी तिथं बराच वेळ उभा होतो. आरे ओळखीचे, कडेची गोलाई ओळखीची, आणि चाक दांड्यावर घट्ट धरणाऱ्या पाचरीची, गिब कीची, खाच तशीच्या तशी. कुणाच्या तरी विहिरीवर तीही पन्नास-साठ वर्षं फिरली असणार.

मग राजकोट.

हे मला खूप उशिरा कळलं आणि अजून बऱ्याच जणांना माहीत नाही म्हणून जरा नीट सांगतो. डर्सलीत हे इंजिन १९८७ च्या सुमाराला बंद झालं. पण राजकोटमध्ये लोकांनी ते कधीच उचललं होतं. लिस्टर टाईप म्हणून त्याच मापाची, त्याच दोन फ्लायव्हीलची इंजिनं तिथं छोट्या छोट्या कारखान्यांत बनत आलीत, परदेशातसुद्धा गेलीत, लांब रानात वीज नसलेल्या घरात जनरेटर चालवायला अमेरिकेतले शौकीन लोक ती मागवायचे. म्हणजे ज्या गावात जन्म झाला तिथं बंद पडलेली वस्तू सौराष्ट्रात चालू राहिली, कारण इथल्या शेतकऱ्याला ती लागत होती. मला ह्याचा फार अभिमान वाटतो, उगाच, माझा त्यात काही हात नसताना. पिस्टन, रिंगा, लायनर, बुश, गॅसकेट, सगळं मिळतं. साडेचार इंची बोअरची रिंग मी फोनवर मागितली तर समोरच्याने मॉडेल विचारलं नाही, "लिस्टर छे ने?" एवढंच विचारलं.

हेड पण मिळालं. ट्रान्सपोर्टने आलं, सुतळीने बांधलेलं, वर हिरवा रंग, आत पाण्याच्या मार्गात ओतकामाची वाळू राहिलेली, ती मी तार घालून आणि पाणी मारून मारून काढली. स्टडवर बसलं. व्हॉल्व्ह बसले. आणि जिथं आमचं चाक होतं तिथं एक प्लग. सपाट, षटकोनी, घट्ट बसवलेला प्लग. ज्यांच्याकडून घेतलं त्यांना विचारलं तर म्हणाले, चाकवालं आता कोण मागतंय साहेब, त्याच्याशिवाय पण चालतं.

चालतं हे खरंच आहे. त्या हेडवर आम्ही उरलेला उन्हाळा काढला, ऊस वाचला, त्या हेडचे आणि ते पाठवणाऱ्याचे माझ्यावर उपकार आहेत. पण ती कोठडी आता कायमची बंद, म्हणजे दाब कायम चढा, आणि पंपानं पूर्ण पाणी धरलं की इंजिन ठोकायचं. आबा पहिल्या दिवशी ओट्यावर बसून ऐकत राहिले. काही बोलले नाहीत. संध्याकाळी जेवताना म्हणाले, "सुटत न्हाई रे ते."

मी ते वाक्य घेऊन पुण्याला आलो आणि मला झोप येईना. तात्या आता सुटलं म्हणायचे तेच हे. आबांना कोठडी, कॉम्प्रेशन, काही सांगता आलं नसतं, पण इंजिनात काय कमी आहे ते त्यांनी दोन शब्दांत सांगितलं होतं.

कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात जा असं मला तिघांनी वेगवेगळं सांगितलं होतं. तिथं एका बोळात अण्णांचं शेड आहे. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. वय सत्तरीच्या पुढं, एक लेथ, एक ड्रिलिंग, एक भट्टी, एक पुतण्या. मी गोणपाटातून हेड काढून ठेवलं, मोडलेलं चाक शेजारी ठेवलं, आणि सवयीने सुरू केलं की लिस्टर आहे, सिक्स वन आहे, म्हणजे सहा हॉर्सपॉवर एक सिलिंडर, नंबर अर्धा वाचता येतो. त्यांनी हात केला. चाक उचललं, मोडलेल्या टोकाकडं उजेडात बघितलं आणि विचारलं,

"पाव्हणं, हे तुमच्यात काम काय करतंय?"

अकरा महिन्यांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी पण कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्याकडं कंपनीत फॉर्म, फिट, फंक्शन, म्हणजे आकार, बसणं आणि काम, असे तीन शब्द एका दमात म्हणतात, मी दिवसातून दहा वेळा म्हणतो, आणि शोधताना मात्र मी तिसरा शब्द विसरून पहिल्या दोनांतच फिरत होतो. मी अण्णांना सगळं सांगितलं. तात्या कसं फिरवायचे, आवाज कसा बदलायचा, आबा काय म्हणाले. ते ऐकत होते आणि ऐकता ऐकता खडूने फरशीवर हेड कापून आतून कसं दिसेल ते काढत होते. मग म्हणाले, "म्हणजे हे दार हाय. दार घट्ट बसलं पायजे आणि हलकं फिरलं पायजे. बास. हे इकत गावायचं न्हाई. करू की."

तडा बघून मात्र ते गप्प झाले. बीड शिवता येतं पण चुकलं तर दुप्पट फाटतं, ही त्यांची पहिली गोष्ट होती. दुसरी ही की घाईत होणार नाही. मी दोन दिवसांची रजा टाकून तिथंच राहिलो.

आधी तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली, म्हणजे तो पुढं पळत नाही. मग तडा खरडून इंग्रजी व्ही सारखी चर केली, तडा पूर्ण निघेपर्यंत. मग आख्खं हेड कोकच्या भट्टीत ठेवलं आणि हळूहळू तापवलं. घाई केली तर तापतानाच फुटेल म्हणून पुतण्याला भाता मारू देत नव्हते. तापल्यावर निकेलची काडी घेऊन एक इंच वेल्ड मारायचा, थांबायचं, आणि तो लाल असतानाच गोल तोंडाच्या हातोडीने त्याला बारीक बारीक ठोकायचं. गार होताना धातू आकसतो आणि शेजारच्या बिडाला ओढतो, ठोकलं की ताण निघतो. परत एक इंच. इंच म्हणजे खरं तर अण्णा इंच म्हणत नव्हते, सूत म्हणत होते, आठ सुतांचा इंच, आणि त्यांच्या तोंडी आमचा बोअर साडेचार इंच नव्हता, चार इंच चार सूत होता. प्रत्येक इंचानंतर ते हेडवर हळूच हातोडी वाजवून ऐकायचे. तडा गेलेलं बीड बद्द वाजतं, सलग बीड वाजतं तसं नाही. शेवटचा तुकडा झाल्यावर त्यांनी ते लालसर हेड एका लोखंडी पिंपात कोरड्या चुन्यात पुरलं. वरून चुना. "उद्या दुपारपतोर हात लावायचा न्हाई."

त्या रात्री मी लॉजवर होतो आणि चुन्यातलं हेड डोळ्यांपुढून जात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काढलं तेव्हाही ते कोमट होतं. अण्णांनी वाजवलं. मग माझ्या हातात हातोडी दिली. मी वाजवलं. मला जमेल तसं सांगतो, देवळातल्या घंटेसारखा नाही, पण घमेलं उंबऱ्यावर आपटल्यावर येतो त्याहून गोल आवाज होता. खडू आणि रॉकेल परत लावलं. रेघ आली नाही.

सीट फाटलेल्या होत्या त्या कापून तिथं रिंगा बसवल्या, व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासले, हेडचा फेस निळं लावून प्लेटवर तपासला. हे सगळं पुतण्याने केलं, छान केलं.

मोडलेला स्पिंडल काढताना अण्णांनी तो भाग तापवला आणि आट्यांपाशी मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आट्यांत ओढलं जातं. गार होऊ दिलं, परत तापवलं, परत मेण. तीनदा. मग मधे भोक पाडून एक चौकोनी टोकाची सळई ठोकून बसवली आणि ती पान्याने फिरवली, आणि ज्या गोष्टीसाठी पाईप पाना लावून स्पिंडल मोडला होता ती एका हाताने फिरली. आबा तिथं असायला हवे होते.

नवा स्पिंडल लेथवर केला. आट्यासाठी अण्णांनी टूल घासून ५५ अंशाचा केला आणि पत्र्याच्या एका जुन्या गेजमध्ये धरून उजेड बघितला. मेट्रिकचा टूल तयार होता, तो बाजूला ठेवला. मी विचारलं, एवढ्याने फरक पडतो का, नवीन स्पिंडल आणि नवीन आटे, दोन्हीकडं मेट्रिक केलं तर? ते म्हणाले, "हेडातलं आटं चांगलं हायती. ते त्यानं केल्यालं. आपण त्याला धरूनच करायचं." त्यानं म्हणजे डर्सलीच्या कुणी कारागिराने. मला तो माणूस क्षणभर दिसल्यासारखा झाला, थंडीत, पोटाला ॲप्रन बांधून.

बसवताना एक दिवस गेला. पिस्टन वर आल्यावर हेडपासून किती लांब राहतो ते बघायला मऊ शिशाची तार आत टाकून फ्लायव्हील हाताने फिरवली, चेपलेली तार काढून मोजली, सिलिंडरखाली एक पातळ गॅसकेट वाढवलं, परत तार. नोझल कराडला पंपवाल्याकडून तपासून आणला होता. नोझल मायकोचा, म्हणजे बंगळूरची १९५१ सालची कंपनी, आता बॉश नाव आहे, पण पंपवाले अजून मायकोच म्हणतात.

आबांनी चाक आत नेलं. त्यांना मी नको म्हणालो हँडलला, खांदा दुखतो, म्हणून हँडल मी घेतलं आणि माझ्या पोराला लिव्हरपाशी उभं केलं. चार फेऱ्या. पाड म्हटलं. त्याने जरा उशिरा पाडला, पण फ्लायव्हीलने सांभाळून घेतलं. ठसका, काळा गोळा, आणि चालू. पाच-सात मिनिटं नुसतं चालू दिलं, हौदातलं पाणी कोमट व्हायला लागलं, मग पट्टा सरकवला आणि पंपानं पाणी धरलं. ठोक ठोक. आबा हेडपाशी गेले, चाक बाहेर काढायला लागले, एकेक आटा, कान तिकडं. कुठल्या आट्याला ते मला सांगता येणार नाही. आवाज भरला.

आबा काहीच बोलले नाहीत, पाटात पाणी कुठवर गेलं ते बघायला निघून गेले.

राजकोटचं हेड तेल लावून गोणपाटात ठेवलंय, ते टाकणार नाही. जुन्या मोडक्या स्पिंडलची मापं मी वहीत उतरवलीत, सूत आणि मिलिमीटर दोन्हीत, कोठडीचं चित्र काढलंय आणि खाली ती काय काम करते ते पण लिहिलंय. एक प्रत अण्णांच्या शेडमध्ये खिळ्याला आहे. गेल्या महिन्यात त्यांच्या पुतण्याचा फोन आला होता, निपाणीकडचं कोणीतरी तसलंच मोडकं चाक घेऊन आलंय, आमचं तीन दिवसांसाठी माप घ्यायला मिळेल का. आबांना विचारलं. म्हणाले पाऊस आहे तोवर घेऊन जा, दिवाळीनंतर लागेल.